खरी संक्रांत कोणती?

आमच्याकडे संक्रांत दोनदा येते. वडिलांकडचं घर रत्नागिरीचं, टिळक पंचांग पाळणारं. तिथे १० जानेवारीच्या आसपासच तिळगूळ वाटून होतो. आईच्या माहेरी दाते पंचांग, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राबरोबर १४ नाहीतर १५ तारखेला. लहानपणी या व्यवस्थेबद्दल माझी काही तक्रार नव्हती, कारण लाडू दोनदा मिळायचे. पुढे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं की सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरला, म्हणजे आमच्या दोन्ही संक्रांतींच्या कितीतरी आधी. घरी विचारलं, मग खरी संक्रांत कोणती? वडील म्हणाले, "दोन्ही." तेव्हा हे उत्तर मला उदार वाटलं होतं. आज ते नुसतं सोयीचं वाटतं.

धर्म आणि विज्ञान यांत सत्याकडे नेणारी वाट कोणती, हा वाद आपल्याकडे नेहमी फार उंचावरून सुरू होतो. ईश्वर आहे की नाही, सृष्टी कुणी केली, आत्मा अमर आहे का. तासभर घसा कोरडा करून दोन्ही बाजू जिथल्या तिथे. म्हणून मला संक्रांत बरी वाटते. तिला तारीख आहे, आणि तारीख तपासता येते.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथ डुलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून उत्तरेकडे वळतो ती जागा, दर वर्षी सुमारे ५० विकला सरकते (अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला). ७२ वर्षांत एक अंश. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं भरतं ते याचमुळे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश, म्हणजे संक्रांत, आणि उत्तरायण एकाच दिवशी होत. तेव्हापासून मकरप्रवेश पुढे पुढे घसरतो आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा आणि तो दिवस संक्रांतीचाच होता. आणखी मागे गेलात तर आपला एक लाडका समज अडचणीत येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली, म्हणून त्या दिवशी मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो. गणिताने त्या साली संक्रांत चार दिवस आधीच, १० जानेवारीला होऊन गेली होती. हे सांगितल्यावर काही मित्र असे नाराज होतात की जणू मीच सदाशिवरावभाऊंना दगा दिला.

आणि आमच्या दोन संक्रांती? ते भांडण राशिचक्राची मोजणी कोणत्या ताऱ्यापासून करायची याचं आहे. एक पक्ष रेवती धरतो, दुसरा चित्रा. दोहोंत साधारण चार अंशांचा फरक पडतो, आणि सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो, म्हणून चार दिवस. हा फरक अधिक महिन्यावर आला तर काही वर्षी रत्नागिरीच्या काही घरांत गणपती महिनाभर आधी येऊन जातात.

यावर एक चांगला बचाव आहे: संक्रांत हा सण ताऱ्यांवरून ठरतो, ऋतूवरून नाही. मला तो मान्य आहे. कोणतीही मोजपट्टी वापरा, फक्त कोणती ते सांगा. पण मग त्याच दिवशी 'आजपासून उत्तरायण' म्हणायचं नाही, उत्तरायणाची वाट पाहत शरशय्येवर पडलेले भीष्म आणायचे नाहीत, आणि आजपासून दिवस तिळातिळाने वाढणार असं मुलांना शिकवायचं नाही. दिवस तर तीन आठवड्यांपूर्वीच वाढायला लागलेला असतो.

हे मी एकदा मोठ्या तोऱ्यात आत्याला ऐकवलं. आत्या पहाटे पाचला उठून पाण्याचा बंब पेटवणारी. ती म्हणाली, "दिवस बावीस डिसेंबरपासून वाढतो म्हणतोस? मग सूर्य रोज आणखी उशिरा का उगवतोय रे? मी बघत्येय ना रोज, तू झोपलेला असतोस."

मी गप्प. कारण तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. आपल्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच पुढे सरकू लागलेला असतो, म्हणजे दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाकडून. घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार वर्षभर जुळत नाहीत, कारण पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबगोल. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवत होतो आणि आत्या आकाश बघून बोलत होती. त्या सकाळी आमच्या दोघांत श्रद्धाळू कोण होतं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

या विषयाशी माझी गाठ पडते ती इथे. धर्म म्हणजे आंधळेपणा आणि विज्ञान म्हणजे डोळसपणा, अशी सरळ वाटणी मला जमत नाही. आणि ती न जमण्याचं सगळ्यात मोठं कारण मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे दोन ज्योतिषी आहेत.

केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ. गणेशांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२चा, म्हणजे १५२०चा. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावरून होत आली. पंचांगकर्त्याला ज्याचापांच्या, म्हणजे अवघड त्रिकोणमितीच्या, जंजाळात न अडकवता ग्रह काढून देणारा हा ग्रंथ. पण मला त्यातली खरी धिटाई वेगळीच वाटते. सूर्यसिद्धान्त, आर्यपक्ष, ब्रह्मपक्ष हे ग्रहगणिताचे जुने पूजनीय संप्रदाय. कुणीही निष्ठावंत त्यांतला एक धरून बसला असता. गणेशांनी प्रत्येक ग्रह वेगळा तपासला. सूर्य सौरपक्षातून, म्हणजे सूर्यसिद्धान्ताच्या संप्रदायातून घेतला. चंद्रही तिथूनच, पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. गुरू आर्यपक्षातून. शनीही आर्यपक्षातूनच, पण वर ५ अंश वाढवून. कशासाठी? तर 'दृक्तुल्यता' यावी म्हणून. डोळ्याला जे दिसतं त्याच्याशी गणित जुळावं म्हणून. त्यांच्या वडिलांनी तर लिहूनच ठेवलं की काळ जाईल तसं अंतर पडत जाणार, तेव्हा पुढच्या गणितज्ञांनी वेध घेऊन नव्याने ग्रंथ करावेत.

हे लोक नास्तिक नव्हते. नावातच दैवज्ञ आहे. पण आपला ग्रंथ चुकणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि चूक कशी पकडायची हेही सांगून ठेवलं होतं. विज्ञान नावाच्या गोष्टीत याहून मूलभूत असं काही असेल तर मला ते माहीत नाही. दुर्बिणी, प्रयोगशाळा, समीकरणं ही सगळी या एका सवयीची अवजारं.

मग पुढे काय झालं? वारसांनी ग्रंथ ठेवला आणि वेध सोडला. साडेतीनशे वर्षांनीही ग्रहलाघवावरूनच पंचांगं निघत होती. आकाश पुढे गेलं होतं, पान जागेवर होतं. एकोणिसाव्या शतकात पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधाराने 'ग्रहसाधनाची कोष्टकें' केली, १८६५पासून त्यांच्या पद्धतीचं पटवर्धनी पंचांग निघू लागलं, पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी आणखी काटेकोर ग्रहगणित दिलं. विरोध व्हायचा तो झालाच. वाद सभा-परिषदांत आणि धर्मपीठांपर्यंत गेला. केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी असलेले लोकमान्य टिळक या सुधारणेच्या बाजूने उभे राहिले, म्हणून आमच्या घरातल्या पंचांगाला त्यांचं नाव. म्हणजे ज्या पंचांगाला आमचं घर आज परंपरा म्हणून घट्ट धरून आहे, ते मुळात बंडखोरांचं पंचांग!

आणि आज? ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष पंचांगात मिनिटापर्यंत अचूक छापलेला असतो. 'बघा, आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं' म्हणून तोच आकडा समाजमाध्यमांवर फिरतो. या अचूकतेसाठी ज्यांनी शिव्या खाल्ल्या त्यांची नावंही त्या पोस्ट फिरवणाऱ्यांना माहीत नसतात. धर्माच्या घरात दुरुस्ती होतच नाही असं नाही. होते, पण मागच्या दाराने, आणि आत आली की ती म्हणू लागते, मी पहिल्यापासून इथेच होते.

'वेध' या शब्दाचंच पाहा. नांदगावच्या त्या बापलेकांसाठी वेध म्हणजे आकाशाकडे रोखून पाहणं. वेधशाळेतला वेध. आमच्या घरात 'वेध लागले' म्हणजे जेवण बंद, पाण्यावर तुळशीपत्र, आणि गरोदर बाईने खोलीबाहेर यायचं नाही. माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात असताना ग्रहण आलं. सुरी हातात घ्यायची नाही, काही चिरायचं नाही, बाहेर डोकावायचं नाही. एवढ्या उकाड्यात ती खिडक्या लावून बसली होती, आणि दाराशी पहाऱ्याला होती आत्या, तीच पहाटे आकाश बघणारी. पंचांगाच्या एकाच पानावर वर ग्रहणाची मिनिटं होती, ती पृथ्वी-चंद्राच्या छायेच्या भूमितीतून आलेली. आणि खाली पाळायचे नियम, ते राहू-केतूच्या गोष्टीतून आलेले. पान एक, शाई एक.

हे एकाच पानावर राहणं फार जुनं आहे. आर्यभटाने ४९९मध्ये स्वच्छ लिहिलं: 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया'. सूर्याला झाकतो चंद्र, आणि चंद्राला झाकते पृथ्वीची मोठी सावली. राहू नाही. वराहमिहिरानेही हेच सांगितलं. मग ६२८मध्ये ब्रह्मगुप्त आला. तो यांच्याइतकाच थोर गणिती. ग्रहण तो छायेवरूनच काढतो, तंतोतंत. पण राहू नाही म्हणणाऱ्यांना फटकारतो, कारण ते श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जातं. अकराव्या शतकात अल-बिरुनी हे वाचून चकित झाला. हा माणूस स्वतःच्याच गणिताविरुद्ध का बोलतो? लोकांच्या भीतीने की काय, असा त्याला संशय आला. पंडितांनी तोडगा काढला: ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो. झालं, दोन्ही खरं!

धर्म आपल्या जागी, विज्ञान आपल्या जागी, दोघांचं क्षेत्र वेगळं, असं आज शहाणीसुरती माणसं म्हणतात तेव्हा मला हा तोडगा आठवतो. ऐकायला छान आहे, भांडण मिटतं. पण त्याची किंमत पंडिताला मोजावी लागली नाही. त्याला छाया माहीतच होती. किंमत मोजली ती ज्यांच्यापर्यंत फक्त राहू पोचला त्यांनी. ग्रहण सुटताना गावोगाव 'दे दान, सुटे गिराण' ओरडत दान मागत फिरावं लागणाऱ्या मांग समाजाने, आणि बंद खोलीत बसलेल्या बायकांनी. धर्म आपल्या क्षेत्रात राहिला असता तर माझी काही हरकत नव्हती. पण तो तिथे राहत नाही. तो तारीख सांगतो, पथ्य सांगतो, कोण कुणाच्या शेजारी बसणार ते सांगतो. वस्तुस्थितीबद्दल बोलायचं, आणि कुणी वस्तुस्थिती विचारली की 'हा श्रद्धेचा विषय आहे' म्हणायचं, हे दोन दगडांवर पाय ठेवणं झालं.

आता विज्ञानाच्या बाजूची बढाई. फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने युरेनसच्या चालीतली गफलत पाहून कागदावरच एक नवा ग्रह मांडला, आणि १८४६मध्ये नेपच्यून त्याने सांगितल्या जागेच्या अगदी जवळ सापडला. विज्ञानाच्या कौतुकाच्या भाषणात ही गोष्ट हटकून येते. पुढची येत नाही. बुधाच्या चालीतही अशीच गफलत होती. त्याच माणसाने, त्याच पद्धतीने, १८५९मध्ये सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं सांगितलं. त्याला व्हल्कन नावही मिळालं, तो पाहिल्याचे दावेही झाले. तो ग्रह कधीच नव्हता. ल व्हेरिए १८७७मध्ये वारला तो त्यावरचा विश्वास न सोडताच. बुधाचा तो हिशेब, शतकात ४३ विकलांचा, १९१५मध्ये आइन्स्टाइनने सोडवला, आणि त्यासाठी ग्रह नव्हे, न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच बदलावं लागलं. वैज्ञानिक माणूस म्हणून एखाद्या मठाधिपतीइतकाच हट्टी असू शकतो. फरक एवढाच की त्याच्या हट्टाला वारस मिळणं अवघड जातं. पुढच्या पिढीतल्या पोराला त्याला खोटं पाडण्यात नाव मिळतं. मठात खोटं पाडणाऱ्याला बाहेर काढतात.

मीही एकदा असाच तोंडावर पडलो. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी बांधलेले चौथरे आहेत, 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. नॉर्मन लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असं मी बरीच वर्षं मुलांना सांगत आलो. वर्तमानपत्रांत वाचलं होतं, अभिमान वाटायचा. वस्तुतः त्या ग्रहणाच्या वेळी भारतात गुंटूरला होता तो फ्रेंच जान्सेन. लॉकियर इंग्लंडातच होता, आणि त्याने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरमध्ये, तीही ग्रहणाशिवाय. तो विजयदुर्गाला आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रॅमसेने पृथ्वीवरही हेलियम वेगळा काढला होता. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळून एक सुरस आख्यायिका झाली, आणि तिचा प्रसार करणारे आम्ही सगळे विज्ञानप्रेमी. म्हणजे पुराणं रचायला देव लागतोच असं नाही. पुढच्या व्याख्यानात मी मुलांना सांगितलं, मागच्या वर्षीचं चुकलं. कुणाचा विज्ञानावरचा विश्वास उडाला नाही. एका मुलीने फक्त विचारलं, "सर, अजून काय काय चुकीचं सांगितलंय?" उत्तम प्रश्न होता.

'पण अनुभवाचं काय?' हे मला नेहमी विचारलं जातं, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियले नाही बहुमता' हे तुकोबांचे शब्द मला सत्यशोधनाबद्दल मराठीत लिहिलं गेलेलं सर्वांत धीट वाक्य वाटतात. ग्रंथ नाही, गर्दी नाही, माझं मन साक्षीदार. स्वतःच्या आतल्या खोटेपणाचा निवाडा करायचा असेल तर दुसरा साक्षीदार मिळणारच नाही. दुर्बीण तिथे निरुपयोगी आहे. काका गेले त्या वर्षी आत्या रोज हरिपाठ म्हणायची. तिला त्यातून काय गवसलं हे मला मोजता येणार नाही, आणि मोजायला जाणारा मी कोण?

अडचण येते ती हाच साक्षीदार बाहेरच्या जगाच्या खटल्यात उभा केला की. 'ज्योतिष खरं आहे, मला अनुभव आहे' हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. २००८मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव चाचणीला लावला. १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या पत्रिका, कुणाची कोणती ते झाकून. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. एवढंच सांगायचं की मूल कोणत्या गटातलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्म्याच्याही खाली आली. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. या ज्योतिषांतले बरेच जण प्रामाणिक असतील यात मला शंका नाही. तेच तर दुखणं आहे. प्रामाणिक मनही खोटी साक्ष देतं, आणि देताना त्याला ते कळत नाही. जिथे मनाचा हितसंबंध असतो तिथे विज्ञान मनाची साक्ष घेत नाही. माझीही नाही, नारळीकरांचीही नाही.

म्हणून श्रद्धाळू माणसाशी बोलताना मी हल्ली देवाबद्दल वाद घालत नाही. एकच विचारतो: काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की माझं चुकलं? उत्तर 'काहीही दिसलं तरी नाही' असं असेल तर त्या श्रद्धेला मी नातं म्हणतो. आईवरचं प्रेमही पुराव्यावर चालत नाही. पण नात्याच्या जोरावर कुणी माझ्या बहिणीला खोलीत बंद करू लागला तर त्याने हा प्रश्न पुन्हा ऐकावा. विज्ञानवाद्यांनाही मी तो विचारतो. गंमत म्हणजे तेही पुष्कळदा रागावतात.

सरकारनेही एकदा हा गुंता सोडवून पाहिला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली. त्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. १९५५मध्ये अहवाल आला, आणि २२ मार्च १९५७पासून ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात उत्तरायण २२ डिसेंबरलाच येतं. ती सरकारी राजपत्रात आहे, आकाशवाणीवर आहे, आणि एकाही स्वयंपाकघरात नाही. बरोबर असणं आणि माणसांपर्यंत पोचणं यांतलं हे अंतर अहवालांनी कापलं जात नाही. विज्ञानवाल्यांनी यावर विचार केला पाहिजे, तो आपण फारसा केलेला नाही.

गेल्या डिसेंबरात मी रत्नागिरीला होतो. अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ रोवली आणि आत्याला म्हटलं, दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये सावली सगळ्यात आखूड होईल, तेवढी मोजून ठेव. सूर्योदयाचं नको, घड्याळाचा घोळ होतो. २२ डिसेंबरला तिने मोजली: ८५ सेंटीमीटर. मग मी पुण्याला आलो. १० जानेवारीला फोन केला तर आधी तिळगूळ झाला, मग आकडा: ८१. चौदा तारखेला तिचाच फोन आला. "एकोणऐंशी. म्हणजे तुझी ती बावीस तारीखच रे. त्याच्या आधीचीही आठ दिवस मोजून ठेवली होती मी, वाढतच होती." आठ दिवस आधीपासून मोजायला मी तिला सांगितलं नव्हतं.

"मग पुढच्या वर्षी तिळगूळ बावीस डिसेंबरला?" मी विचारलं.

"छे, तेव्हा तीळ कुठले चांगले मिळायला," ती म्हणाली. आकडे तिने टिळक पंचांगाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. पुढचं ग्रहण कधी आहे, तेही बघून ठेवलंय म्हणाली. काठी अजून काढलेली नाही.